पायथन शेलमध्ये इम्पोर्ट अडतंय? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे तपासा

इम्पोर्ट म्हणजे तयार कोडचा संच, म्हणजे लायब्ररी किंवा मॉड्यूल, शेलमध्ये (डावीकडे >>> दाखवणाऱ्या, पायथनच्या आज्ञा घेणाऱ्या खिडकीत) मागवणं. लक्षणं आधी पाहू. 'इम्पोर्ट होत नाही' या एकाच तक्रारीखाली निरनिराळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे >>> च्या पुढे 'इम्पोर्ट पांडाज' लिहिल्यावर येणारी ओळ, 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर: नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'. पिपने (लायब्ऱ्या उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रामने) तर थोड्याच वेळापूर्वी 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' म्हणून सांगितलेलं असतं.

दुसरं, 'इम्पोर्ट एरर: कॅनॉट इम्पोर्ट नेम'. इथे लायब्ररी सापडली आहे, तिच्या आतलं मागितलेलं नाव सापडलेलं नाही. याच ओळीत कधी 'पार्शली इनिशियलाइझ्ड मॉड्यूल' हे शब्दही येतात.

तिसरं फसवं आहे. इम्पोर्ट निमूट होतं आणि पुढच्या ओळीला 'मॉड्यूल रँडम हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट रँडइंट' असं काहीतरी येतं.

चौथं, विंडोजवर 'डीएलएल लोड फेल्ड', लिनक्सवर 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. दोन्हींत लायब्ररीला लागणारी आधीच कंपाइल केलेली एखादी फाइल चढलेली नसते.

शिवाय दोन लक्षणं संदेशाविनाच येतात. आपण आपली फाइल बदलली तरी शेल जुनंच उत्तर देतं, किंवा इम्पोर्टची ओळ एंटर केली की शेलच बंद पडतं.

इंदूरला रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतली आपली मराठी मुलं बीसीए, एमसीए, एम.एस्सी. करताना हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. जवळजवळ प्रत्येक वेळी येण्याआधी त्यांनी तीच लायब्ररी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केलेली असते. तेवढं मात्र करू नका. बहुतेक वेळा लायब्ररी मशीनवर असतेच, फक्त जो पायथन तुमच्यासमोर उघडा आहे त्याला ती दिसत नसते. आंधळेपणाने पुन्हा टाकली तर एक प्रत आणखी वाढते आणि गुंता सोडवणं अवघड होतं. खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, तो मोडू नका. (आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच द्यायच्या.)

आधी शेवटची ओळ वाचा

एरर आली की वीस-तीस ओळींचा ट्रेसबॅक (एरर कुठून कुठे आली त्याची यादी) पडतो आणि मुलं घाबरून वरून वाचायला लागतात. उलट करा. सगळ्यात खालची ओळ आधी वाचा आणि तिच्यात नाव कोणाचं आहे ते बघा. तुम्ही सीबॉर्न मागितलं आणि तक्रार मॅटप्लॉटलिबची असेल, तर सीबॉर्न व्यवस्थित सापडलेलं आहे, त्याला लागणारी दुसरी लायब्ररी हरवली आहे. सीबॉर्न दहा वेळा काढून टाकून काय होणार?

मग शब्द तपासा. पायथनला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो. विंडोज फाइलच्या नावात तो फरक मानत नाही, पण पायथन इम्पोर्ट करताना विंडोजवरही मानतो. म्हणून पांडाजचं पहिलं अक्षर मोठं केलं की लायब्ररी असूनही 'नाही' असं उत्तर येतं.

त्याहून जास्त गोंधळ होतो तो नावांचा. काही लायब्ऱ्या एका नावाने इन्स्टॉल होतात आणि दुसऱ्या नावाने इम्पोर्ट होतात. 'ओपनसीव्ही-पायथन' टाकायचं आणि 'सीव्ही२' मागायचं. 'सायकिट-लर्न' टाकायचं, 'एसकेलर्न' मागायचं. 'पिलो' टाकायचं आणि मागायचं 'पीआयएल', तेही मोठ्या अक्षरांत. 'ब्यूटिफुलसूप४' चं 'बीएस४', 'पायवायएएमएल' चं 'वायएएमएल'. अशा वेळी अंदाजाने नाव ठोकून 'पिप इन्स्टॉल' करणं धोक्याचं आहे. पिप जिथून लायब्ऱ्या आणतो त्या पायपीआयवर कोणीही नवं नाव नोंदवू शकतो, आणि प्रसिद्ध लायब्ररीच्या नावात एखादं अक्षर बदलून घातक कोड ठेवल्याचे प्रकार तिथे वारंवार सापडले आहेत. नाव त्या लायब्ररीच्या अधिकृत पानावरून घ्या.

आणखी एक, नवशिक्यांसाठी. 'पिप इन्स्टॉल' ही ओळ >>> च्या पुढे लिहिली तर सिंटॅक्स एररच येणार, कारण ती पायथनची आज्ञा नाही. ती कमांड प्रॉम्प्टवर किंवा टर्मिनलवर द्यायची. डावीकडे >>> दिसत असेल तर आधी 'एक्झिट' लिहून, पुढे रिकामे कंस देऊन बाहेर पडा. पायथन ३.१३ पासून कंस नसले तरी चालतं.

शेल बंद करून नव्याने उघडा

फुकटचा उपाय आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. एकदा यशस्वीपणे इम्पोर्ट झालेलं मॉड्यूल पायथन 'सिस डॉट मॉड्यूल्स' या यादीत ठेवतो. पुढच्या वेळी तेच नाव मागितलं की डिस्ककडे न जाता तो यादीतलंच देतो. तुम्ही फाइल बदलली आणि शेल जुनंच बोलतंय, त्याचं कारण हेच. यातूनच एक विचित्र बिघाड होतो. शेल उघडं असताना दुसऱ्या खिडकीत लायब्ररी अपग्रेड केली, तर निम्मी जुनी स्मृतीत आणि निम्मी नवी डिस्कवर अशी सरमिसळ होते. मग 'कॅनॉट इम्पोर्ट नेम' सारख्या एरर येतात आणि त्यांचा अर्थ लावण्यात संध्याकाळ जाते.

'इम्पोर्टलिब डॉट रीलोड' आहे, पण त्याच्यावर फार विसंबू नका. ते फक्त त्या एका मॉड्यूलला नव्याने वाचतं. त्याने आत मागवलेली दुसरी मॉड्यूलं जुनीच राहतात, आणि 'फ्रॉम अमुक इम्पोर्ट तमुक' करून आणलेलं नावही जुन्याच वस्तूकडे बोट दाखवत राहतं. ज्युपिटर (ब्राउझरमध्ये पायथन लिहायची वही) वापरत असाल तर कर्नल (तिच्या मागे चालणारा पायथन) रीस्टार्ट करा. ब्राउझरचं पान रिफ्रेश केल्याने कर्नल बदलत नाही.

शेलला विचारा: तू कोणता पायथन?

माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणं याच तपासणीत सुटतात, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडच्या मुलांच्या लॅपटॉपवर एकच पायथन क्वचित असतो. कॉलेजात साधा पायथन टाकायला सांगतात. भंवरकुआं भागातल्या क्लासमध्ये डेटा सायन्स लावलं की लायब्ऱ्यांसकट येणारा आणखी एक पायथन, म्हणजे अ‍ॅनाकोंडा येतो. मधेच कधी विंडोजवर 'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं आणि तिथून तिसरा घेतला गेला. तिघांचं लायब्ऱ्या ठेवण्याचं फोल्डर वेगवेगळं. पिप एकाचं आणि शेल दुसऱ्याचं असलं की 'टाकली पण दिसत नाही' हे आलंच.

सांख्यिकी शिकणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. "दादा, तीनदा टाकलं, तरी नाही म्हणतंय." तिला >>> पुढे दोन ओळी लिहायला लावल्या. पहिली 'इम्पोर्ट सिस', दुसरी 'सिस डॉट एक्झिक्युटेबल'. उत्तरात आलेल्या पत्त्याच्या शेवटी होतं अ‍ॅनाकोंडा३ फोल्डर आणि त्यातला पायथन. मग शेजारी कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिप डॅश-डॅश-व्हर्जन' दिलं. ही आज्ञा पिपच्या आवृत्तीसोबत तो कुठे बसला आहे आणि कोणत्या पायथनचा आहे तेही सांगते, याकडे कोणी लक्षच देत नाही. तिथे पत्ता निघाला 'प्रोग्राम्स, पायथन, पायथन३१२' असा. दोन्ही पत्ते मी तिला एकाखाली एक वहीत लिहायला सांगितले. लिहितानाच ती म्हणाली, "अगं बाई, हे तर दोन वेगळे आहेत." शेजारच्यांच्या घरी पार्सल उतरवून आपल्या दारात शोधण्यासारखंच हे.

इलाज असा: एकट्या 'पिप' वर भरवसा ठेवू नका. 'पायथन डॅश-एम पिप इन्स्टॉल पांडाज' असं लिहा. त्यामुळे जो पायथन चालतो त्याचाच पिप चालतो, दुसऱ्याचा मधे येऊ शकत नाही. शंका उरली तर 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' ने दिलेला पूर्ण पत्ता 'पायथन' या शब्दाच्या जागी लिहा. पत्त्यात स्पेस असेल तर तो दुहेरी अवतरणात घ्या. (पॉवरशेलमध्ये त्या अवतरणाआधी & हे चिन्ह लागतं.)

मशीनवर किती पायथन आहेत ते पाहायचं असेल तर विंडोजवर 'पीवाय डॅश-झीरो-पी', आणि लिनक्स किंवा मॅकवर 'व्हिच डॅश-ए पायथन३'. स्टोअरचा पायथन सतत मधे येत असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप एक्झिक्युशन अलायसेस' शोधा आणि तिथली पायथनची दोन्ही बटणं बंद करा.

ज्युपिटरमध्ये हाच दोष वेगळ्या वेशात येतो. सेलमध्ये उद्गारचिन्ह लावून 'पिप इन्स्टॉल' केलं की सिस्टिमच्या पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) पहिला सापडेल तो पिप चालतो. तो तुमच्या कर्नलचा असेलच असं नाही. टक्क्याचं चिन्ह लावून 'पिप' लिहिलं की लायब्ररी चालू कर्नलच्या पायथनमध्येच जाते. ही सोय आयपायथन (ज्युपिटरच्या आतला शेल) ७.३ पासून आहे. टाकून झाल्यावर कर्नल रीस्टार्ट करायला विसरू नका.

व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट सुरू आहे का?

प्रोजेक्टसाठी 'व्हेनव्ह' (लायब्ऱ्यांचं स्वतःचं वेगळं फोल्डर असलेलं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट) केलं असेल तर ते सुरू असताना प्रॉम्प्टच्या आधी कंसात त्याचं नाव दिसतं. काल दिसत होतं, आज टर्मिनल नवं उघडलं आणि नाव नाही, म्हणजे आज ते सुरूच केलेलं नाही.

पॉवरशेलमध्ये ते सुरू करताना 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम' अशी लाल ओळ आली तर सुरक्षेची सेटिंग सैल करण्याची गरज नाही. साध्या कमांड प्रॉम्प्टमधून 'अ‍ॅक्टिव्हेट डॉट बॅट' चालवा. किंवा सुरू करण्याच्या भानगडीत न पडता त्या फोल्डरच्या 'स्क्रिप्ट्स' मधला पायथन थेट पत्त्याने चालवा. अ‍ॅक्टिव्हेट करणं म्हणजे मुख्यतः पाथमध्ये तो पत्ता पुढे आणणं, बाकी जादू काही नाही.

हे फोल्डर दुसरीकडे हलवू नका आणि पेन ड्राइव्हवर घालून मित्राला देऊ नका. त्याच्या आत मूळ जागेचे पत्ते पक्के लिहिलेले असतात. हलवलं असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. ते काढून नव्याने करा आणि 'रिक्वायरमेंट्स' च्या (लागणाऱ्या लायब्ऱ्यांच्या यादीच्या) फाइलीवरून लायब्ऱ्या टाका.

तुमचीच फाइल आड येते आहे का?

तिसऱ्या लक्षणाचं मूळ बहुधा इथे असतं. इंटरॅक्टिव्ह शेल सुरू होताना, ज्या फोल्डरमध्ये तुम्ही उभे आहात ते फोल्डर पायथन शोधाच्या यादीत सगळ्यात पुढे ठेवतो. पायथनच्या स्वतःच्या लायब्ऱ्यांचा नंबर त्यानंतर. मुलं सरावासाठी फाइल करतात आणि तिला विषयाचंच नाव देतात: रँडम, मॅटप्लॉटलिब, स्टॅटिस्टिक्स, ईमेल. झालं, आता त्या फोल्डरमध्ये 'इम्पोर्ट रँडम' म्हटलं की त्यांचीच सहा ओळींची फाइल येते.

खात्री करणं सोपं आहे. इम्पोर्ट झाल्यावर मॉड्यूलचं नाव, टिंब, मग 'फाइल' हा शब्द दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर देऊन लिहा. पत्ता डाउनलोड्स किंवा डेस्कटॉपचा आला तर गुन्हेगार सापडला. फाइलचं नाव बदला, शेल नव्याने उघडा. पायथन ३.१३ पासून एररमध्येच अनेकदा सूचना येते की तुमच्या फाइलचं नाव मूळ लायब्ररीशी जुळतंय, ते बदला. ती सूचना वाचली तरी पुरे.

इम्पोर्टच होत नसेल आणि अशाच कशाचा तरी संशय असेल तर 'पायथन डॅश-आय' देऊन पाहा, यातला आय मोठा. या मोडमध्ये पायथन चालू फोल्डर, 'पायथनपाथ' हे (शोधाची जादा फोल्डरं सांगणारं) सेटिंग आणि वापरकर्त्याचं खासगी पॅकेज फोल्डर या तिन्हींकडे दुर्लक्ष करतो. इथे लायब्ररी नीट चालली तर दोष त्या तिघांपैकी एकात आहे. 'पायथनपाथ' ची शक्यता विसरू नका. एखादं जुनं सॉफ्टवेअर ते बसवून जातं आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही.

आवृत्त्यांची भांडणं

'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स' दिसलं तर तुमचा पायथन ३.१२ किंवा पुढचा आहे आणि लायब्ररी जुनी. डिस्टयूटिल्स हे लायब्ऱ्या बांधण्याचं जुनं साधन २०२३ मध्ये ३.१२ मधून काढून टाकलं. लायब्ररी अपग्रेड करा. नवी आवृत्तीच नसेल तर 'सेटअपटूल्स' टाकून बहुधा काम निभावतं, पण तो तात्पुरता टेकू समजा.

आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीचं २ हे व्हर्जन जून २०२४ मध्ये आलं. त्याच्यासोबत 'नमपाय १ वर कंपाइल झालेलं मॉड्यूल इथे चालणार नाही' अशा अर्थाचा लांबलचक संदेश आला तर आधी तक्रार करणारी दुसरी लायब्ररी अपग्रेड करा. तेवढ्याने भागलं नाही तर नमपाय २ पेक्षा खालचं घ्या. आज्ञेत 'पेक्षा कमी' चं चिन्ह येतं, म्हणून तो तुकडा दुहेरी अवतरणात लिहा, नाहीतर टर्मिनल त्या चिन्हाचा भलताच अर्थ लावतं. 'पायथन डॅश-एम पिप चेक' दिलं की कोणाचं कोणाशी जुळत नाही ते एका दमात कळतं.

पायथनची अगदी ताजी आवृत्ती उतरवली असेल तर काही लायब्ऱ्यांची तयार बांधणी अजून आलेली नसते. मग पिप ती तुमच्याच मशीनवर बांधायला जातो आणि 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा पुढचं हवं' असं म्हणत थांबतो. त्यासाठी काही जीबींचं साधन उतरवण्यापेक्षा एक पायरी मागची पायथन आवृत्ती घ्या. आणि घरात विंडोज ७ चा जुना संगणक असेल तर त्यावर ३.८ हीच शेवटची चालणारी आवृत्ती, ३.९ चा हट्ट धरू नका.

डीएलएल आणि शेअर्ड ऑब्जेक्ट

इथे संदेश दिशाभूल करतो. 'अमुक इम्पोर्ट करताना डीएलएल लोड फेल्ड, स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड' वाचून वाटतं की ते अमुकच नाही. ते बहुधा असतं, पण त्याला लागणारी दुसरी डीएलएल सापडलेली नसते आणि विंडोज तिचं नाव सांगत नाही.

आधी मायक्रोसॉफ्टचं 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्यूटेबल' त्यांच्याच साइटवरून टाका. बऱ्याचदा तेवढंच कमी असतं. मग पायथन ३२ बिटचा की ६४ बिटचा ते पाहा, शेल उघडल्यावर वरच्या ओळीतच लिहिलेलं असतं. एका बिटच्या पायथनमध्ये दुसऱ्या बिटची डीएलएल चढत नाही. नंतर अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादी उघडा, एखादी डीएलएल तिथे अडकलेली सापडते. डीएलएलच्या साइटवरून सुटी फाइल उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नका.

एखाद्या बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या डीएलएलवर तुमची लायब्ररी अवलंबून असेल आणि 'पाथमध्ये घातलंय तरी सापडत नाही' असं होत असेल, तर पायथन ३.८ पासून विंडोजवरचा नियम बदलला आहे. अशा डीएलएलसाठी आता पाथ पाहिला जात नाही. फोल्डर 'ओएस डॉट अ‍ॅड-डीएलएल-डिरेक्टरी' ने सांगावं लागतं.

लिनक्सवर संदेश जास्त प्रामाणिक असतो, हरवलेल्या फाइलचं नाव सांगतो. सर्व्हरवर ओपनसीव्ही 'लिबजीएल' मागतं, ते याचं नेहमीचं उदाहरण. खिडकी उघडून चित्र दाखवायचं नसेल तर 'ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस' टाका, मागणीच संपते. उबंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून पिप 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' म्हणून नकार देतो. तो नकार योग्यच आहे. व्हेनव्ह करा आणि त्यात टाका. संदेशात सुचवलेला 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय वापरू नका, आणि 'सुडो पिप' (सर्वाधिकाराने चालवलेला पिप) तर कधीच नको. त्या मशीनचे स्वतःचे कितीतरी प्रोग्राम त्याच पायथनवर चालतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

कॉलेजच्या लॅबचा किंवा ऑफिसचा संगणक असेल आणि इन्स्टॉल करायला परवानगीच नसेल, तर पळवाटा शोधू नका, तिथल्या अ‍ॅडमिनला सांगा. लिनक्सवर सिस्टिमचा पायथन कोणी काढून टाकला असेल आणि डेस्कटॉप किंवा टर्मिनल नीट उघडत नसेल, तर स्वतः काहीही टाकू-काढू नका. 'जीलिबसी' या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडली नाही असा संदेश आला तर तीही हात घालायची जागा नाही, ती फाइल बदलण्याच्या नादात अख्खी सिस्टिम बसते. ग्राफिक कार्ड आणि कुडाच्या (एनव्हिडियाच्या कार्डावर आकडेमोड चालवणाऱ्या प्रणालीच्या) ड्रायव्हरची जुळणी बिघडली असेल तर ते काम रोज करणाऱ्यालाच द्या. ज्या सर्व्हरवर लोकांचं चालू काम आहे त्यावर यातला कोणताही प्रयोग करू नका.

शेल संदेशाविना बंद पडत असेल तर एकच गोष्ट करा: 'पायथन डॅश-एक्स फॉल्टहँडलर' ने सुरू करून, यातला एक्स मोठा, तेच इम्पोर्ट द्या. पडताना कोणत्या ओळीवर होता ते बहुधा छापून येईल. नव्या, स्वच्छ व्हेनव्हमध्येही तसंच पडत असेल तर पुढचं शोधणं घरगुती काम राहत नाही. रॅम, डिस्क किंवा प्रोसेसरला न मानवणारी बांधणी, काहीही असू शकतं.

ज्याला बोलवाल त्याला पूर्ण ट्रेसबॅक, 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' आणि 'सिस डॉट व्हर्जन' ची उत्तरं, 'पायथन डॅश-एम पिप लिस्ट' ची यादी आणि विंडोज किंवा लिनक्सची आवृत्ती हे सगळं मजकूर म्हणून कॉपी करून द्या. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका. त्यात नेमकी शेवटची ओळ कापली जाते, आणि समोरच्याला पत्ता कॉपी करून तपासताही येत नाही.